सातवी ओळ

तिने दार ढकललं तेव्हा एक अनोळखी माणूस ओल्या फडक्याने तिचं विश्व पुसत होता.

अकरा दिवसांचं विश्व. भिंतभर फळ्यावर खडूने लिहिलेलं, चौदा ओळींचं. विश्व फुगत फुगत मोठं झालं हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण उलटं मागे जात राहिलं, सगळं आकसत आकसत टाचणीच्या टोकाहूनही लहान झालं, की तिथे नेमकं काय होतं? तिथे गुरुत्वाकर्षणाचे नियम एकीकडे ओढतात, सूक्ष्म कणांचे, म्हणजे क्वांटमचे नियम दुसरीकडे, आणि या दोघांचं जमवून देणं हाच टिटवीचा उद्योग. टिटवी हे घरचं नाव. लहानपणी झोपेतून उठवलं की ती जो सूर लावायची, त्यावरून आईने ठेवलेलं. आज मात्र तिच्या घशातून सूरच फुटेना. हातातल्या कपातला चहा बुटावर सांडला, तेही तिला कळलं नाही.

"तुम्ही... काय करताय?"

"फळा पुसतोय," तो साधेपणाने म्हणाला. "दहा ते बारा ही खोली माझ्या नावावर आहे. बाहेर यादी लावलीय, बघा."

"पण 'पुसू नये' असं लिहिलंय."

"कुठे?"

टिटवीने दार लोटलं. उघड्या दाराआड फळ्याचा जो हातभर तुकडा झाकला जायचा, तिथे चांगल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं – पुसू नये. तेवढंच आता शिल्लक होतं. त्याने त्या अक्षरांकडे पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडे, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा फडक्यापेक्षा पांढरा पडला.

ती मटकन खुर्चीत बसली. "माझ्या वहीत पहिल्या सहाच ओळी आहेत," ती म्हणाली. ती कुणाला सांगत होती देव जाणे.

"मी... पुसताना वाचत होतो," तो हळूच म्हणाला. "सवय आहे मला. वाचल्याशिवाय पुसवत नाही."

"मग वाचून थांबावंसं नाही वाटलं?"

"तिसऱ्या ओळीला वाटलं. पण तोवर दोन गेल्या होत्या. म्हटलं, आता थांबून तरी काय उपयोग."

एवढा राग आलेला असताना हसू येणं म्हणजे शरीराने दगा देणंच. तिने ओठ दाबून धरले.

"पहिलीपासून लिहून देतो," तो म्हणाला. "तुम्ही वहीशी ताडून बघा. सहा बरोबर आल्या, तर पुढच्या आठांवर विश्वास ठेवा. नाही आल्या तर... तर तुम्ही म्हणाल ते."

तो डावखुरा होता. लिहिता लिहिता त्याची बाही मागची अक्षरं पुसत जायची आणि तो ती परत गिरवायचा. पहिली ओळ संपली आणि टिटवी ताडकन उठली.

"चूक. इथे वजा हवा."

"अधिक. काळाला अधिक, बाकी तिघांना वजा."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "तुम्ही अधिकवाले?" तिने विचारलं, 'तुम्ही ओल्या पायांनी गादीवर चढता?' असं विचारावं त्या सुरात.

आता हे प्रकरण काय, ते सांगायला हवं. अवकाशाच्या तीन दिशा आणि चौथा काळ. हिशेबात काळाचं चिन्ह बाकी तिघांच्या उलट ठेवावं लागतं. मग काळाला वजा देऊन तिघांना अधिक द्या, नाहीतर काळाला अधिक देऊन तिघांना वजा द्या, उत्तर एकच येतं. अट एकच, जी पद्धत धरली ती शेवटपर्यंत सोडायची नाही. गुरुत्वाकर्षणवाल्यांत वाढलेले बहुतेक वजाने सुरू करतात, कणांचा अभ्यास करणारे बहुतेक अधिकने, आणि दोघांनाही दुसरा जरा अडाणी वाटतो. म्हणूनच त्या संस्थेत एक रीत होती, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात आधी आपली चार चिन्हं मांडायची आणि मगच खडू पुढे न्यायचा.

"तुमच्याच पद्धतीत लिहा," टिटवी म्हणाली. "मी नंतर सगळं उलटवून घेईन."

सहा ओळी चिन्हं सोडता हुबेहूब जुळल्या. तिने वही मिटली. इथून पुढे ताडायला तिच्याकडे काहीच नव्हतं. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की खडूची भुकटी तिच्या केसांवर पडत होती. पेन्सिलीचं टोक दातांत धरून ती एकेक अक्षर उमटताना बघत होती. सातव्या ओळीशी तो अडखळला.

"आठवत नाही?" तिने श्वास रोखून विचारलं.

"आठवतंय," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग फळ्याकडे. ओळ पूर्ण झाली. पुढच्या सात झरझर आल्या.

शेवटी त्याने फोन काढून फळ्याचा फोटो घेतला. "पुरावा," तो म्हणाला. "सगळं परत केल्याचा." त्या फोटोत कोपऱ्यात तिचं रुसलेलं कोपरही आलं, पण ते तिला खूप पुढे कळलं.

संध्याकाळी तिने फळ्यावरून सातवी ते चौदावी अशा आठही ओळी वहीत उतरवल्या आणि प्रत्येकीची चिन्हं उलटवली. एकीचंही विसरली नाही. इतकी काळजी तिने जन्मात कधी घेतली नव्हती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आणि टिटवीला दुसरा धक्का बसला. विश्व आकसत जातं, जातं, आणि बिंदू व्हायच्या आत थांबतं. थांबतं आणि उसळी घेतं. म्हणजे आपल्या आधीही एक विश्व होतं, आणि ते मिटता मिटता परत उमललं. संस्थेच्या लांबलचक ओसरीत ती धावत सुटली आणि चहाच्या यंत्रापाशी जो पहिला माणूस भेटला, त्याची बाही धरून म्हणाली, "उसळी आली."

तो अधिकवालाच होता. त्याने आधी धरलेल्या बाहीकडे पाहिलं.

"कुणाला?" त्याने विचारलं.

"विश्वाला हो."

"मग बसा आधी. तुम्हाला येईल नाहीतर."

त्या दिवसापासून दहा ते बारा ही खोली दोघांच्या नावावर लागायला लागली. भांडणं रोजचीच. ती म्हणायची, काळ मुळात वजाच करतो सगळं. तो म्हणायचा, ज्याच्यामुळे भेटी होतात त्याला वजा म्हणणं कृतघ्नपणा आहे. ती खिडकीबाहेर बघत हसू लपवायची. एकदा त्याची डावी बाही कोपरापर्यंत पांढरी झाली होती. बोलता बोलता टिटवीने ती झटकून दिली, अगदी सहज, आणि मग दोघंही एका समीकरणाकडे पाच मिनिटं असे बघत राहिले, की ते कुठलं होतं हे विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं. पण 'तुम्ही'चं 'तू' काही होईना. ते म्हणणार कोण आधी?

"तो कोण अधिक-बिधिक?" आईने फोनवर विचारलं. आई शिवणकाम करायची. नवे कपडे नाही, लोकांचे जुने उसवून, आत-बाहेर घेऊन परत शिवायची. चाळीस वर्षं हेच.

"आहे एक. सहा महिन्यांसाठी आलाय."

"सहा महिन्यांत बाहीसुद्धा नीट बसत नाही काहींची," आई म्हणाली. "महिना शेवटचा ना हा त्याचा?"

टिटवीने विषय बदलला. पण विषय तिच्या पाठीमागेच उभा होता. त्याची मुदत संपत होती आणि तिचीही. सरांनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी, सांगितलं होतं, शुक्रवारी तिने उसळीवर व्याख्यान द्यायचं. समिती पहिल्या रांगेत बसेल. व्याख्यान जमलं तर तीन वर्षांची जागा. नाही जमलं तर महिनाअखेरीस टेबल रिकामं. सर स्वतः इतके खुशीत होते, की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून उसळी समजावत होते.

गुरुवारी चार वाजता अधिकवाला तिच्या खोलीत आला. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या खांद्यांवर थेंब तसेच होते. तो बसला नाही.

"दोन गोष्टी सांगायच्यात," तो म्हणाला. "एक वाईट आहे. दुसरी कशी आहे ते... ते तुम्ही ठरवा. आधी कुठली सांगू?"

"वाईट," ती हसत म्हणाली. तिला वाटलं, निघायची तारीख सांगणार.

"वेगवेगळ्या सांगताच येत नाहीत. मी बराच प्रयत्न केला." त्याने फोन तिच्यापुढे धरला. तो फळ्याचा फोटो होता. "उद्या व्याख्यानाच्या शेवटी हा दाखवायचा म्हणून मी मोठा करून घेत होतो. तुम्हाला चकित करायला. सातवी ओळ बघा."

तिने पाहिली. मग सहावी पाहिली, आठवी पाहिली. पुन्हा सातवी. चौदांपैकी तेरा ओळी अधिकवाल्यांच्या पद्धतीत होत्या. सातवी वजावाल्यांच्या. तिच्या.

ती ओळ मुळात बरोबर होती. तिने ती उलटवली होती. एवढ्या काळजीने, एकही न विसरता. आणि ते चिन्ह फक्त अगदी शेवटी, विश्व टाचणीहून लहान झाल्यावरच बोलतं, त्याआधी त्याचा काही पत्ताच लागत नाही. म्हणून कुणालाच ते दिसलं नाही. शिवाय उत्तर सगळ्यांना हवं तेच आलं होतं.

"एकच ओळ?" तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "एकच ओळ का बदलली तुम्ही?"

"तुम्ही शेजारी येऊन उभ्या राहिलात. पेन्सिल दातांत धरून." त्याने फोन टेबलावर ठेवला. "मी तुमच्यावर प्रेम करायला लागलो ते बहुधा त्याच ओळीत. हाताने आपोआप तुमची चिन्हं लिहिली. मला कळलंसुद्धा नाही. काल रात्रीपर्यंत... खरंच कळलं नाही."

खिडकीच्या पत्र्यावर पाऊस टपटपत होता. ज्या शब्दांची तिने सहा महिने वाट पाहिली होती ते आले होते, आणि येताना तिचं अख्खं काम पायदळी तुडवून आले होते. आनंद झाला की आभाळ कोसळलं हेच तिला समजेना. दोन्ही एकदमच झालं होतं.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

तो गेला. फोन टेबलावरच राहिला.

दोन तासांत तिने हिशेब पुन्हा केला. योग्य चिन्हाने विश्व आकसतं, आणखी आकसतं, आणि गणित तिथेच तुटतं. उसळी नाहीच. तिने वही मिटली आणि आईला फोन लावला, आणि शाळेतली मुलगी रडते तशी रडली.

आईने सगळं ऐकून घेतलं. मागे शिवणयंत्र थांबल्याचं टिटवीला कळलं.

"बाही उलटी लागली, एवढंच ना?" आई म्हणाली. "मग उसवायची. त्यात काय."

"एवढंच नाही गं. उद्या माझी जागा जाईल."

"जाईल कदाचित. मी नाही म्हणत नाही. पण दाखवणाऱ्यावर चिडून बाही सरळ झालेली मी चाळीस वर्षांत पाहिली नाही." आईने दोरा तोडला. "तो गप्प बसला असता तर तुला कळलं असतं?"

"मला नाही. कुणाला तरी, दोन-तीन वर्षांनी."

"म्हणजे जागा पदरात पडल्यावर. मग तो आजच का बोलला?"

टिटवीने टेबलावर राहिलेल्या फोनकडे पाहिलं.

"टिटवे, तुला विश्वाचं काय ते कळतं," आई म्हणाली, "बाकी सगळा आनंद आहे." आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत समिती, मध्ये सर, नवा सदरा घालून. अधिकवाला अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, कधीही उठून जाता येईल असा बसला होता. टिटवीने चित्रं दाखवायचा पडदा खाली सोडलाच नाही. ती फळ्याकडे गेली, डाव्या कोपऱ्यात आपली चार चिन्हं लिहिली आणि ओळी लिहायला घेतल्या. सहा ओळी झाल्या. सातवी तिने वहीतल्यासारखीच लिहिली, आणि खडू खाली ठेवला.

"ही ओळ चुकीची आहे," ती म्हणाली. "हिची चिन्हं बरोबर केली की उसळी येत नाही. इतके महिने मी तुम्हाला जे सांगत होते ते खरं नाही. छापायला पाठवलेला लेख मी सकाळी मागे घेतला."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत काढला. समितीतल्या एक बाई लिहिता लिहिता तशाच थांबल्या, पेन कागदावर टेकवून. टिटवीचा आवाज मात्र कालच्यापेक्षा बरा होता.

"पण... झाली कशी?" शेवटी सर म्हणाले. रागापेक्षा त्यांच्या तोंडावर नुसती भांबावलेली कळा होती. "तू तर एकेक चिन्ह तीनदा तपासतेस."

"फळा एकदा पुसला गेला होता. ज्यांनी पुसला त्यांनीच आठवून परत लिहून दिला. तेरा ओळी त्यांच्या पद्धतीत. सातवी मात्र माझ्या पद्धतीत. मी न बघता सगळ्या उलटवल्या. चूक माझी आहे. ती त्यांनी दाखवली, काल, व्याख्यानाच्या आदल्या दिवशी. ते गप्प बसू शकले असते."

"एकच ओळ तेवढी का बदलली?" बाईंनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. शास्त्रज्ञाने तो विचारायलाच हवा.

टिटवीने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "ते सभेत सांगण्यासारखं आहे का," ती म्हणाली, "ते त्यांनाच विचारा."

सगळ्या माना मागे वळल्या. अधिकवाला उठून उभा राहिला. डावी बाही नेहमीसारखीच पांढरी.

"सहाव्या ओळीपर्यंत मी फळ्याकडे बघत होतो," तो म्हणाला.

क्षणभर कुणालाच काही उमगलं नाही.

"आणि सातव्या ओळीला?" सरांनी विचारलं.

"सातव्या ओळीला... नाही."

आधी बाई हसल्या. मग समिती, मग मागच्या रांगा, आणि सर्वांत शेवटी सर. त्यांना नेहमीच जरा उशिरा कळायचं. टिटवी कानापर्यंत लाल झाली होती आणि खडू शोधत होती, जो तिच्या हातातच होता.

समितीने तासभर बंद दाराआड चर्चा केली. तीन वर्षांची जागा दिली नाही. एक वर्ष दिलं. बाईंनी बाहेर येऊन स्वतः सांगितलं. उसळीसाठी म्हणून ठेवलेली जागा उसळीशिवाय देता येत नाही, पण स्वतःची चूक फळ्यावर लिहून दाखवणारं माणूस सोडायलाही मन होत नाही. टिटवीला हे ऐकताना वाईटही वाटलं, आणि खांद्यावरचं काहीतरी उतरलंही.

ती सभागृहात परतली तेव्हा तो एकटाच फळ्यासमोर उभा होता, लांब, हात मागे बांधून. काही पुसलं जाऊ नये म्हणून.

"एक वर्ष," ती म्हणाली.

"मला समुद्रापलीकडच्या विद्यापीठाने दोन वर्षांसाठी बोलावलंय," तो म्हणाला. "आणि इथल्या सरांनीही एका वर्षासाठी थांबता का विचारलंय, आत्ताच. मी अजून कुणालाच उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काल 'जा' म्हणालात... ते खोलीतून की..."

टिटवीने बादलीतलं फडकं उचललं, पिळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"पूस," ती म्हणाली.

तो फडकं धरून तसाच उभा राहिला. सहा महिने 'अहो-जाहो' करणारी मुलगी एकदम अशी बोलली, की माणसाचं व्हायचं तेच त्याचं झालं. फडक्यातून पाणी त्याच्या बुटावर ठिबकत होतं.

"वाचून पुसू?" त्याने विचारलं.

"वाचल्याशिवाय पुसवतं कुठे तुला?"

त्याने पहिली ओळ पुसली, दुसरी पुसली. तिसरीला थांबला नाही. सहावी झाल्यावर त्याचा हात पुढे गेला आणि टिटवीने त्याचं मनगट धरलं.

"ती नको."

"ती तर चुकीची आहे."

"माहितीय मला. आणि थांबतो असं उत्तर आजच लिही. इथल्या सरांना."

मग तिने खडू घेतला आणि सातव्या ओळीच्या शेजारी लिहिलं – पुसू नये. या वेळी दाराआड नाही. चांगलं मध्यभागी, मोठ्या अक्षरांत.